टारफुल्याला बी धरू देऊ नका

या खरिपात शेतकरी भेटतात ते हातात उसाचे नाहीतर ज्वारीचे पिवळे पान घेऊनच. प्रश्नही एकच असतो: "साहेब, कुठलं औषध मारू?" पान बघून मी औषध सांगत नाही. मी उलट विचारतो, सरीत बारीक पांढरी फुले दिसतात का? बहुतेक जण म्हणतात, "हो, पण ते साधं रानफूल आहे." ते साधे रानफूल नाही. तो टारफुला आहे आणि तुमच्या पिकाच्या मुळावर बसला आहे.

पेरणीचे अंतर, खतांचे हप्ते, बेणेप्रक्रिया या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत. त्या पुन्हा लिहून जागा घालवत नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे टारफुल्याच्या फुलोऱ्याचे दिवस आहेत. फुलानंतर साधारण महिनाभरात बी पिकते, बोंड तडकते आणि ते रान पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी अडचणीत येते. म्हणून या लेखात फक्त टारफुला.

ओळख

टारफुला वीतभर उंच होतो, फार तर दीड वीत. खोड चौकोनी असते आणि हात फिरवला तर खरखरीत लागते. पाने अरुंद, लांबट, बिनदेठाची आणि तीही खरखरीत. खालची पाने समोरासमोर येतात, वरची एकाआड एक. फुले पांढरी आणि लहान, प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकेक, शेंड्याकडे तुऱ्यासारखी चढत गेलेली. फूल तोडून जवळून बघा. खाली बारीक नळी असते आणि ती वरच्या टोकाला एकदम वाकलेली असते. या वाकलेल्या नळीवरून टारफुला नक्की ओळखता येतो. नळीच्या तोंडाशी वरचा ओठ आखूड आणि खालचा ओठ तीन भागांत फाकलेला दिसतो. उपटून वाळवले की सगळे झाड काळपट पडते.

आपल्या ज्वारीत आणि उसात याच्या मुख्यतः दोन जाती आढळतात, स्ट्रायगा एशियाटिका आणि स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा. भिंगातून फुलाच्या हिरव्या कोशावरच्या उभ्या शिरा मोजा. पाच असतील तर डेन्सिफ्लोरा, दहा किंवा जास्त असतील तर एशियाटिका. शेतकऱ्याला हा भेद कळला नाही तरी बिघडत नाही, दोन्हींचा बंदोबस्त सारखाच आहे.

मात्र मोबाइलवरच्या फोटोंपासून सावध राहा. एका बागायतदाराने उसात टारफुला असूनही पूर्ण हंगाम काही केले नाही. का, तर त्याने शोधलेल्या फोटोत फूल लालभडक होते आणि त्याच्या रानातले पांढरे. आफ्रिकेत एशियाटिका जातीचे फूल लाल असते आणि तिथल्या हर्मोंथिका जातीचे गुलाबी-जांभळे. आपल्याकडे मात्र पांढरेच शोधायचे.

दुसरी गफलत तुंब्याशी होते. तुंब्याचे, म्हणजे द्रोणपुष्पीचे, खोडही चौकोनी आणि फूलही पांढरे. पण तुंब्याची फुले खोडाभोवती गोल गेंदात दाटीने येतात आणि पान चुरगाळले की उग्र वास येतो. टारफुल्याची फुले सुटी असतात आणि पानाला तसा वास नसतो. तुंबा स्वतःच्या मुळांवर जगतो. त्याला नेहमीच्या भांगलणीत काढला की काम संपते.

तरीही खात्री होत नसेल तर बादलीची परीक्षा करा. तण उपटू नका. उपटले की त्याचा पिकाशी असलेला जोड तुटतो आणि हातात नुसते खोड येते. जवळच्या ताटासकट मातीचा ढेकूळ कुदळीने उचला, पाण्याच्या बादलीत ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. टारफुला असेल तर मातीखालचे त्याचे खोड पांढरे आणि खवल्यासारख्या बारीक पानांचे दिसेल. त्याची मुळे पिकाच्या मुळाला गाठीने चिकटलेली दिसतील. ही गाठ एकदा डोळ्यांनी बघितलेला शेतकरी पुन्हा टारफुल्याला साधे रानफूल म्हणत नाही.

नुकसान जमिनीखालीच होते

टारफुल्याचे बी डोळ्याला धुळीसारखे दिसते, लांबी जेमतेम 0.3 मिलिमीटर. एवढ्याशा बियात स्वतःचे अन्न जवळजवळ नसते. म्हणून ते वाटेल तेव्हा उगवत नाही. पावसाने माती ओली आणि उबदार झाली की आठवडा-दोन आठवडे ते तयारी करते आणि जवळून यजमान पिकाचे मूळ जाण्याची वाट बघते. मुळातून झिरपणारी विशिष्ट रसायने पोहोचली की ते उगवते, आपले मूळ त्या दिशेने वाढवते आणि काही दिवसांत पिकाच्या मुळात घुसते. तिथून पुढे ते गोचिडासारखे पिकाचे पाणी आणि अन्न ओढत राहते.

हे सगळे चार ते सहा आठवडे मातीखाली चालते. हिरवे झाड वर दिसायला लागते तोवर निम्मी लूट झालेली असते. पीक खुंटते, पाने पिवळी पडतात, कडा करपतात, जमिनीत ओल असतानाही दुपारी ताटे माना टाकतात. वाढ थांबलेले ठिगळ रानाच्या एखाद्या कोपऱ्यातून सुरू होते आणि दर वर्षी पसरत जाते. हलक्या, मुरमाड, माळाच्या जमिनीत आणि सेंद्रिय खत कधीच न पडलेल्या रानात ही तक्रार जास्त असते. त्याला कारण आहे. स्फुरदाची उपासमार झाली की पिकाची मुळे ती रसायने जास्त सोडतात. मुळांवर वाढणाऱ्या उपयोगी बुरशीला ते आमंत्रण असते, पण त्याच हाकेला टारफुलाही जागा होतो.

या रसायनांपैकी पहिले, स्ट्रिगॉल, शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये वेगळे काढले आणि तेही कापसाच्या मुळांच्या स्रावातून. कापसावर तर टारफुला जगत नाही. म्हणजे कापूस टारफुल्याच्या बियाला उगवायला लावतो, पण त्याला बिलगू देत नाही. उगवलेले बी उपाशी मरते. फेरपालटाचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

पैसे कशावर वाया जातात

सर्वात जास्त पैसा टॉनिकवर जातो. एका उसाच्या फडात लागोपाठ तीन फवारण्या झालेल्या होत्या: सूक्ष्म अन्नद्रव्ये, मग कुणीतरी सुचवलेले वाढवर्धक, मग बुरशीनाशकाची आळवणी. मालकाने पावत्या दाखवल्या. मी कुदळ मागितली. पहिल्याच ढेकळात टारफुल्याचे सात-आठ पांढरे कोंब मुळाला चिकटलेले निघाले, वर मात्र एकही दिसत नव्हता. पिकाचे मूळच चोर शोषत असताना पानावर अन्न फवारून पीक सुधारत नाही. निदान न करता औषध विकणारा आणि निदान न करता औषध घेणारा, दोघेही शेतकऱ्याच्याच खिशाला भोक पाडतात.

दुसरे, मीठ. बुडख्याशी मीठ टाकले की टारफुला मरतो, ही समजूत गावोगाव आहे. वर दिसणारे झाड कदाचित करपेल, पण मातीतले लाखो बी तसेच राहील आणि तुमच्या पाण्याच्या रानात क्षार वाढतील. चोपण जमिनींचे दुखणे ज्या पट्ट्याने अनुभवले आहे, तिथे रानात स्वतःच्या हाताने मीठ टाकणे हा गुन्हा आहे.

तिसरे, रॉकेल, गोमूत्र, राख, निवडुंगाचा चीक. यातल्या कशानेही मातीतले बी मरत नाही. मजुरी मात्र भांगलणीएवढीच लागते.

चौथे, सर्व तणे मारणारे ग्लायफोसेट उभ्या पिकात "जपून" मारणे. ते तण आणि ऊस यात भेद करत नाही. जपून मारलेल्या ग्लायफोसेटने जळलेले फड मी पाहिले आहेत.

पाचवी सवय दिसायला निरुपद्रवी आहे. तण काढायचे आणि बांधावर टाकायचे. फुलावर आलेला टारफुला उपटल्यावरही त्याच्या बोंडात बी पिकू शकते. बांधावर पडलेला ढीग वाळतो, तडकतो, पहिल्या वळवाच्या सरीत बी पुन्हा रानात उतरते. काही जण तो वैरणीत घालतात. जनावराच्या पोटातूनही बी शेणात सुखरूप उतरते आणि उकिरड्यावरून पुढच्या वर्षी सगळ्या शेतभर पसरते. मोठे झाड पन्नास हजारांहून जास्त बी देते. दहा झाडे बांधावर टाकली म्हणजे पाच लाख बी पेरले, हे गणित करायला कृषी अधिकाऱ्याची गरज नाही.

आता, या आठवड्यात करायचे

फुले यायची असतील तर टारफुला मुळाच्या खोलीपर्यंत खुरप्याने काढा. वरचा शेंडा तोडला तर खालून पुन्हा फुटवे येतात. एकदा काढून मोकळे होऊ नका. मातीखालचे कोंब टप्प्याटप्प्याने वर येतात, म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी त्याच ठिगळात पुन्हा फेरी मारा. पीक निघेपर्यंत ही फेरी चुकवायची नाही.

फुले आली असतील तर उपटलेली झाडे हातात पिशवी घेऊन तिथल्या तिथे भरा. खताची रिकामी प्लॅस्टिक पोती वापरा, तोंड बांधा, उन्हात ठेवा आणि वाळल्यावर जाळा. पावसाळ्यात लगेच पेटणार नाही, म्हणून बांधलेले पोते कोरड्या जागी ठेवा, पण उघडे टाकू नका. बोंडे काळपट झाली असतील तर झटका न देता, झाड वाकवून थेट पोत्यात घ्या.

हे काम ज्या मजूर बायका करतात त्यांना टारफुला आधी दाखवा. भांगलण करणाऱ्या बाईला तण हातात आल्यावरच त्याची चाल कळते. कितीतरी रानात मालकाच्या आधी त्यांनीच "हे दुसरंच काहीतरी आहे" म्हणून सांगितलेले असते आणि ते कुणी ऐकलेले नसते. पोते त्यांच्या हातात द्या, ठिगळाच्या कडेला काठ्या रोवा आणि त्या जागेचे काम वेगळे मोजा. नेहमीच्या ओळीच्या दराने घाईत काढलेला टारफुला निम्मा मागे राहतो.

ज्वारी काढल्यावर धसकटे तशीच सोडू नका. ओल असेल तोवर टारफुला धसकटांच्या मुळांवर जगतो आणि कापणीनंतरही बी टाकतो. कापणीच्या आठवड्यातच नांगरून धसकटे वेचा.

तणनाशक कुठे, कसे

उसासाठी तामिळनाडू कृषी विद्यापीठाचे एक क्रमवार वेळापत्रक आहे आणि ते मला पटते. त्यात फवारणीबरोबर खुरपे, भर आणि पाचट यांनाही जागा आहे. लागणीनंतर तिसऱ्या दिवशी हेक्टरी 1 किलो क्रियाशील अॅट्राझीन. पंचेचाळिसाव्या दिवशी हाताने भांगलण. साठाव्या दिवशी भर. नव्वदाव्या दिवशी 2,4-डी सोडियम क्षार लिटरला 6 ग्रॅम आणि युरिया लिटरला 20 ग्रॅम एकत्र करून टारफुल्यावर फवारणी. एकशेविसाव्या दिवशी हेक्टरी 5 टन पाचटाचे आच्छादन. आत्ता आडसाली लावण करणाऱ्यांनी हे तारखा लिहून भिंतीवर लावावे. सुरूच्या आणि खोडव्याच्या उसात आता टारफुला वर आला असेल तर फुलाआधीची फवारणी आणि पाचट एवढेच हाती उरते. ज्वारीच्या मात्रेसाठी डब्यावरचे लेबल वाचा. उसाची मात्रा ज्वारीवर मारू नका.

2,4-डी हे रुंद पानांच्या पिकांचे विष आहे, हे विसरलात तर शेजाऱ्याचे वाटोळे कराल. ज्वारीत तूर असेल, उसात सोयाबीन किंवा भुईमूग असेल, तर ते मारायचेच नाही, तिथे खुरपेच. वाऱ्यात फवारू नका, नोझलवर झाकण लावा, पंप जमिनीलगत ठेवा. एका गावात उसावर मारलेल्या 2,4-डीचे तुषार वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेत गेले. नव्या फुटीची पाने पंख्यासारखी आकसली आणि दोन चुलत घरांचे बोलणे बंद झाले. कापूस, टोमॅटो, वांगी यांचीही तीच गत होते. या औषधाचा पंप दुसऱ्या कशाला वापरू नका. धुतल्यावरही त्यात अंश राहतो.

आणि लक्षात ठेवा, फवारणीने वरचा टारफुला मरतो, पिकाला आधी झालेले नुकसान भरून निघत नाही. ती फवारणी पुढच्या वर्षीच्या बियाविरुद्ध असते. त्या हिशेबाने बघाल तरच ती वेळेवर कराल.

बी कोण फिरवते

टारफुल्याच्या रानातले बेणे घेऊ नका. कांडीला चिकटलेल्या मातीबरोबर बी येते. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर एका रानातून दुसऱ्यात जाण्याआधी पाण्याने धुवा, ज्यांच्या रानात टारफुला आहे त्यांनी आपले रान सर्वात शेवटी करून घ्या. कडबा विकत आणताना तो कुठल्या रानातला आहे ते विचारा. मेंढरे बसवायची असतील तर ती आधी कुठे चरून आली तेही विचारा. पाटाच्या वरच्या अंगाला टारफुला असेल तर खालच्या रानात तो येणारच, म्हणून वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याने एकत्र बसणे भाग आहे. एका ओढ्याकाठी वरच्या फडातला उपटलेला सगळा टारफुला पाण्यात टाकला गेला. काही हंगामांत ओढ्याच्या दोन्ही तीरांची ज्वारी त्याच ओळीत खुंटू लागली. आज त्या भागात ज्वारी घेणे बहुतेकांनी सोडले आहे.

वेळेवर ओळख पटली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. 1956 मध्ये उत्तर कॅरोलिनात मक्याच्या रानातले एक अनोळखी तण भारतातून शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने ओळखले. तो टारफुला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने विलगीकरण लागू केले, बाधित रानातून माल, माती, यंत्रे बाहेर नेण्यावर बंधने घातली, मातीत इथिलीन वायू सोडून बी उगवायला लावून मारले. सुमारे पावणेदोन लाख हेक्टरवर पसरलेला टारफुला काही दशकांत जवळजवळ संपवला. त्या विद्यार्थ्याला हे तण आपल्या गावाकडच्या रानातून ठाऊक होते. आपल्या गावात मात्र आपण त्याला रानफूल म्हणून सोडून देतो, याचा मला राग येतो.

पुढच्या हंगामाचा हिशेब

ज्वारीवर ज्वारी, उसावर खोडवा, खोडव्यावर पुन्हा खोडवा, असे रान चालवलेत तर टारफुल्याला दर वर्षी तयार मूळ मिळते. बाधित फडात दुसरा खोडवा ठेवू नका. पहिल्या खोडव्याचाही मोह टाळता आला तर उत्तम. त्याजागी सोयाबीन, भुईमूग, चवळी, सूर्यफूल, जवस किंवा कापूस घ्या. ही पिके बी उगवायला लावतात आणि स्वतः बळी पडत नाहीत. एका हंगामात बी संपणार नाही, म्हणून सलग दोन-तीन हंगाम ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस त्या ठिगळातून बाहेर ठेवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर वरकस जमिनीत नाचणी, वरी घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

वैरण हवी असेल तर आणखी एक युक्ती आहे. ठिगळात चाऱ्याची ज्वारी दाट पेरा आणि पाच-सहा आठवड्यांत, टारफुला फुलावर येण्याआधी, कापून लगेच नांगरा. ज्वारीने बी उगवून घेतले, टारफुला मुळाला चिकटला आणि बी धरण्याआधीच दोघेही गेले. इथे तारीख चुकली तर युक्ती उलटते. सातव्या-आठव्या आठवड्यात "थोडी आणखी वैरण होऊ दे" म्हणून थांबलेल्याने टारफुल्याचेच पीक घेतले असे समजा.

जमीन सुधारा. शेणखत, हिरवळीचे खत, पाचट रानातच ठेवणे, स्फुरदाची मात्रा माती परीक्षणाप्रमाणे देणे, नत्र वेळेवर देणे, या सगळ्याने टारफुल्याचा जोर ओसरतो. पाचट जाळणाऱ्यांनो, तुम्ही त्याच जमिनीला भुकेले ठेवता आणि मग टारफुल्याची तक्रार घेऊन येता.

ज्वारीच्या प्रतिकारक वाणांवर जगभर काम झाले आहे. इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी तयार केली आणि 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या कामाचा एक आधार असा की काही ज्वारीची मुळे टारफुल्याला जागे करणारी रसायने फारच कमी सोडतात. आपल्या भागासाठी सध्या कोणता वाण शिफारशीत आहे ते पेरणीआधी कृषी विद्यापीठाच्या केंद्रात विचारा. बियाणे दुकानदाराचा शब्द त्यासाठी पुरेसा नाही. वाण कुठलाही असला तरी खुरपे आणि पोते सुटत नाही.

हा लेख वाचून झाल्यावर उद्या सकाळी रानात एक फेरी मारा. पिवळ्या ठिगळातला एक ढेकूळ बादलीत भिजवा. गाठ दिसली तर त्याच दिवशी शेजारच्या दोन्ही बांधांवर सांगा, मजुरांना दाखवा आणि पोती बाजूला काढा. पोळ्यापर्यंत तुमच्या शिवारात टारफुल्याचे एकही बोंड पिकू देऊ नका. पोळ्यानंतरही दर पंधरवड्याची फेरी चालूच ठेवा, शेवटचे ताट निघेपर्यंत.